वयाच्या मानानं

ताकदवान कोण, या प्रश्नाचं माझ्याकडे शास्त्रशुद्ध उत्तर आहे. माझ्यापेक्षा पाच किलो कमी उचलतो तो होतकरू. माझ्यापेक्षा पाच किलो जास्त उचलतो त्याचा फॉर्म चुकतो. वीस किलो जास्त उचलणारा नक्की काहीतरी ‘घेतो’. आणि चाळीस किलो जास्त उचलणारा कुणी शेजारच्या रॅकवर आला, की मला नेमकी तहान लागते.

ही फूटपट्टी माझी एकट्याची नाही. आमच्या जिममध्ये प्रत्येकाने आपापली आणलेली आहे. ज्याची बेंच चांगली, त्याच्या मते बेंच हीच खरी परीक्षा. ज्याचे पाय काड्यांसारखे, तो सांगतो की गुडघ्यांना स्क्वॉट वाईट. पुलअप्स मारणारी सडपातळ पोरं म्हणतात, आधी स्वतःचं वजन तर उचलून दाखवा. हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हणायची खरं तर काही गरज नसते.

मोजमापातही सोय बघावी लागते. रबराची दहा किलोची प्लेट आणि पंचवीस किलोची प्लेट दोन्ही व्यासाला 450 मिलिमीटर, म्हणजे अगदी सारख्या. फरक जाडीत असतो, आणि समोरून काढलेल्या फोटोत जाडी दिसत नाही. हा शोध लागल्या दिवशी मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. ‘भाऊजी, जपून हं,’ असं वहिनींचं उत्तर आलं आणि मी कृतकृत्य झालो. लेग प्रेसचंही असंच. ती गाडी पंचेचाळीस अंशांत तिरकी सरकते, त्यामुळे 200 किलो लावले तरी पायांवर जेमतेम 141 किलोंचा भार येतो, उरलेलं रूळ सांभाळतात. त्रिकोणमितीचा हा उपयोग शाळेत कुणी सांगितला नव्हता ते बरंच झालं.

आणि स्पॉट देणारा मित्र! बार छातीवर टेकला, वर जाईना, की तो वरून दोन्ही हातांनी ओढायला लागतो आणि ओरडतो, ‘तुझंच आहे, तुझंच आहे!’ दोघांच्या कष्टाने बार रॅकवर जातो. वहीत नोंद माझ्या नावावर होते. त्याच्या पाळीला मीही तेवढीच माणुसकी दाखवतो.

न्याय करायला पंच बसवले म्हणजे हे सगळं मिटेल, असं वाटतं. पण ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये पूर्वी क्लीन अँड प्रेस नावाचा तिसरा प्रकार होता. उभं राहून बार नुसत्या हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा. हळूहळू मंडळी मागे झुकायला लागली, आणखी झुकायला लागली, शेवटी उभ्याने बेंच प्रेस होतोय की काय असं दिसू लागलं. किती झुकलं म्हणजे बाद, यावर पंचांचं एकमत होईना. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकारच काढून टाकला. म्हणजे तीन अधिकृत पंच आणि सगळी नियमावली असूनही जे ठरलं नाही, ते आमच्याकडे दोन डंबेलांच्या मधे उभं राहून रोज ठरतं.

अधिकृत स्पर्धांत पुन्हा किलोकिलोचा हिशेब. आपला सांगलीचा संकेत सरगर 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 248 किलोंवर थांबला, कोपर दुखावून. सोनं 249ला गेलं. ते बघताना माझ्या घशाशी आलं होतं. माझ्या वहीत एक किलोला अस्तित्वच नाही. 87 उचलले की 90 लिहितो आणि 92 उचलले की 95.

लहान चणीचा माणूस आणि पहाडासारखा माणूस यांची तुलना करायची कशी, हा खरा पेच. 1988 साली सोलमध्ये साठ किलो गटातल्या नईम सुलेमानोग्लूने 190 किलो डोक्यावर नेले, स्वतःच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाच्या लाशा तलाखाद्झेने 2021मध्ये 267 नेले, पण तो स्वतःच पावणेदोनशेच्या घरातला. अशा वेळी सिंक्लेअर नावाच्या कॅनडातल्या गृहस्थांचं सूत्र वापरतात. शरीराच्या वजनानुसार एक गुणक मिळतो, त्याने उचललेल्या वजनाला गुणायचं. त्यावर पन्नाशीतल्या लोकांसाठी वयाचाही गुणक असतो, आणि तो दर वर्षी वाढतो. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे मी काहीही केलं नाही, आहे तेवढंच उचलत राहिलो, तरी प्रत्येक वाढदिवसाला मी अधिक ताकदवान होत जाणार! हे सूत्र स्नॅच आणि क्लीन अँड जर्कच्या बेरजेसाठी आहे, डेडलिफ्टसाठी नाही, ही अट मी वाचली. पण वाचली म्हणजे पाळलीच पाहिजे असं नाही.

या सूत्रात मी पहिल्यांदा कुणाला बसवून पाहिलं असेल तर रावणाला. लहानपणी देवळात ऐकलेल्या कीर्तनातला सीतास्वयंवराचा प्रसंग माझ्या मनातून कधी गेलाच नाही. वाल्मीकींच्या बालकांडात या जागी रावण नाही, पण आमच्या बुवांच्या कीर्तनात तो असायचाच, आणि त्याच्याशिवाय मजा नव्हती. रावण मिशांना पीळ देत येतो, शिवधनुष्य उचलायला जातो, आणि ते छातीवर घेऊन उताणा पडतो. आता जिमला जाणारा माणूस म्हणून बघा. हा सरळसरळ फसलेला बेंच प्रेस आहे. एवढ्या भरलेल्या मंडपात स्पॉट द्यायला एकही माणूस नाही. ‘तुझंच आहे’ म्हणणारा कुणी नाही, कारण सगळ्यांना वाटत होतं की ते आपलंच आहे. त्यात हा गडी आधी कैलास उचलायला गेलेला. तिथेही शंकराने अंगठा दाबला आणि हात खाली अडकले. म्हणजे दोनदा वजनाखाली सापडूनही वॉर्मअप नाही, सेफ्टी पिन नाहीत, पट्टा नाही. वीस हात असल्याने भार वाटला जायला हवा होता हे खरं. पण वीस हातांनी एका धनुष्याला पकड कशी घालायची, तेवढी जागा कुठे असते? शिवाय दहा डोकी धरून तो निःसंशय सर्वांत जड गटात, आणि त्या गटाचा सिंक्लेअर गुणक नेमका एक. म्हणजे सवलत शून्य! एक कैलास, एक धनुष्य, गुणिले एक. बिचाऱ्याच्या मागे ना वय, ना वजन, कुठलंच कारण उभं राहीना.

आणि त्याच धनुष्याचा घोडा करून छोटी सीता अंगणात खेळायची. तिचा गुणक काय निघेल, याचा विचार आमच्या बुवांनी केला नाही. वाल्मीकींनी त्या धनुष्याची आठ चाकांची पेटी ओढायला पाच हजार माणसं लावली आहेत. तीही कुठल्याच कीर्तनात पुन्हा दिसत नाहीत.

आमच्याकडे एक बाई येतात, बँकेत अधिकारी आहेत, माझ्याच वयाच्या. त्या खोल बसून, कुणाचा हात न लागता, माझ्यापेक्षा जास्त स्क्वॉट मारतात. पहिल्यांदा ते पाहिल्यावर आमच्या टोळक्याचा निकाल असा: ‘बायकांचे पाय मुळातच मजबूत असतात.’ मीराबाई चानूने 2021च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 49 किलो गटात 119 किलो क्लीन अँड जर्क केले, तेव्हाचा विश्वविक्रम. त्यावर, ‘ते वेगळं, ती प्रोफेशनल आहे.’ मला याचा राग येतो. पुरुष हरला की सूत्र शोधायचं, बाई जिंकली की शरीरशास्त्र. त्या बाई सेट संपवतात, प्लेट्स जागेवर ठेवतात (ही ताकद आमच्यातल्या एकाही पुरुषात मला आढळलेली नाही) आणि आम्हाला नमस्कारही न करता निघून जातात.

मध्यंतरी माझे वडील, अप्पा, न्हाणीघरात घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांचं वजन 58 किलो, म्हणजे माझा वॉर्मअप. त्यांना पलंगावरून खुर्चीत मीच बसवणार, असं मी नर्सला ऐटीत सांगितलं. आणि मला धरायला जागाच सापडेना. बारला खरखरीत पकड असते, दोन्ही बाजूंना सारखं वजन असतं, आणि मुख्य म्हणजे बार कण्हत नाही. कुठेही हात लावला तरी अप्पा दचकायचे. मी काखेत हात घातले आणि तसाच उभा राहिलो. शेवटी वॉर्डातल्या मावशी आल्या, असतील पंचेचाळीस किलोंच्या. त्यांनी अप्पांचे पाय मागे सारले, एक तळवा पाठीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘आजोबा, नाक गुडघ्यांच्या पुढे आणा. आता उठा.’ अप्पा उठले. तालमीत जोर-बैठका मारून मोठे झालेले आणि माझ्या जिमला ‘भंगाराचं दुकान’ म्हणणारे अप्पा मला म्हणाले, ‘शिकून घे जरा.’

महिन्याभराने फिजिओथेरपिस्ट मुलीने चाचणी घेतली. हाताची पकड आधी: आशियाई निकषांत पुरुषाची 28 किलोंच्या खाली आली की काळजी करतात. अप्पांनी यंत्र असं आवळलं, जणू त्याने काही अपशब्द काढले होते. मग छातीवर हात बांधून खुर्चीतून पाचदा उठायचं, बारा सेकंदांच्या आत. मी बाजूला दोन्ही हात पुढे करून, न स्पर्श करता, उभा. चौथ्या वेळी ते मधेच थांबले. माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘तुमचंच आहे, अप्पा!’

‘पंधरा सेकंद,’ मुलगी म्हणाली. ‘छान, आजोबा.’

अप्पांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. ‘ही खुर्ची बुटकी आहे. आणि एक्क्याऐंशीचं काही धरता की नाही तुम्ही?’

मी खिशातून फोन काढला.

‘धरतात, अप्पा,’ मी म्हणालो. ‘थांबा, गुणक बघतो.’