वाद मिटवणारी कमांड

टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं आणि चहाला जायचं. कप विसळून परत येईपर्यंत एक अख्खं वेब अ‍ॅप्लिकेशन तयार असतं: ग्राहकाला दिसणारी पानं, त्यांच्यामागे राबणारा सर्व्हर, डेटाबेसशी बोलणी करणारा कोड, चाचण्यांची फोल्डरं आणि कुणीही उघडून न पाहणारी रीडमी फाइल. या प्रकाराला स्कॅफोल्डिंग म्हणतात. ते करून देणाऱ्या साधनांची जाहिरात गेली वीस वर्षं एकाच मुद्द्यावर चालली आहे, की यांनी वेळ वाचतो. जाहिरात खोटी नाही, पण ती भलत्याच गुणाची आहे. वेळ वाचतो, नाही असं नाही. पण तो किरकोळ. या साधनांचं खरं कर्तृत्व म्हणजे ती वाद वाचवतात. चार प्रोग्रामर एका खोलीत बसले की पहिली फाइल उघडण्याआधी जे पाच पक्ष पडतात, ते पडण्याआधीच ही एक ओळ सभा बरखास्त करून टाकते. हे मी मराठीत लिहितो आहे, एवढं ध्यानात घेतलं म्हणजे हे साधन किती धाडसी आहे ते कळेल.

आधी वेळेचा मुद्दा निकालात काढू. 2005 साली डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने आपल्या रूबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कचं प्रात्यक्षिक एका चित्रफितीत दाखवलं: पंधरा मिनिटांत ब्लॉग. जावाच्या एक्सएमएल फाइली भरण्यात ज्यांची उमेद चालली होती, त्यांनी ती फीत तोंडात बोटं घालून पाहिली. (ज्या एका ओळीच्या जादूवर टाळ्या पडल्या, ती पडद्याआडून पानं चालवणारी ओळ 2007 च्या रेल्स 2.0 मध्ये काढूनही टाकली. आता जनरेटर तुमच्या फोल्डरात खराखुरा कोड लिहून ठेवतो, म्हणजे खापर फोडायला निदान समोर काहीतरी असतं.) पण पंधरा मिनिटांनंतर काय? रेल्स ज्या बेसकँप नावाच्या उत्पादनातून काढलं गेलं, ते वीस वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. वीस वर्षांच्या संसारात पहिल्या दिवशीची पंधरा मिनिटं कुणाच्या हिशेबात येतात? हाताने मांडामांड करायला एखाद्याला दिवस लागेल, फार चोखंदळ असेल तर आठवडा. फ्रेडरिक ब्रुक्सने 1986 सालीच बजावलं होतं, की सॉफ्टवेअरमधली खरी अडचण साधनांची नसून मुळात काय बांधायचं ते ठरवण्याची आहे. मंगल कार्यालयाच्या पॅकेजात मांडव, भटजी, सनई, अक्षता, जिलबी सगळं येतं. वधू-वर तेवढे ज्याचे त्याने आणायचे असतात. स्कॅफोल्डिंगमध्येही लॉगिनचं पान मिळतं. लॉगिन करून माणसाने पुढे काय करायचं, हा प्रश्न यजमानाचा.

मग वाचतं काय? सी. नॉर्थकोट पार्किन्सनने 1957 च्या आपल्या पुस्तकात एका समितीचं वर्णन केलं आहे. अणुभट्टीचा खर्च ती झटपट मंजूर करते, कारण त्यातलं बहुतेकांना काही कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडवर मात्र ती पाऊण तास भांडते, कारण शेड सगळ्यांनाच कळते. 1999 साली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या पोल-हेनिंग काम्पने हीच शेड प्रोग्रामरांच्या दारात आणून उभी केली आणि ती तिथून अजून हललेली नाही. आपली गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे, त्याला पार्किन्सन वेगळा वाचायची गरज नाही. वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे तर अशा शेडांची वसाहतच. फोल्डरचं नाव एकवचनी ठेवायचं की अनेकवचनी? ओळ आत सरकवायला दोन जागा सोडायच्या की चार, की टॅब? ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा की नाही? चाचण्या मूळ फाइलशेजारी ठेवायच्या की स्वतंत्र फोल्डरात? यातल्या कुठल्याही प्रश्नाला बरोबर उत्तर नाही, आणि म्हणूनच प्रत्येकावर जन्मभर बोलता येतं. कोडची मांडणी आपोआप करणारं प्रेटियर हे साधन 2017 साली आलं. त्याचे कर्ते तर उघडच सांगतात, की ते वापरण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे शैलीवरची भांडणं थांबवणं. इतकी प्रांजळ जाहिरात आपल्याकडे फक्त विवाहपूर्व समुपदेशक करतील.

रेल्सने ही भांडणं किती बारकाईने मिटवली आहेत ते पाहण्यासारखं आहे. मॉडेलचं नाव एकवचनी, डेटाबेसातल्या टेबलाचं अनेकवचनी, असा त्याचा दंडक. तो पाळायचा तर संगणकाला इंग्रजी व्याकरण यायला हवं, म्हणून रेल्सच्या पोटात नामांची अनेकवचनं करणारे नियम भरलेले आहेत. ऑक्टोपसचं ऑक्टोपाय होतं. बफेलो आणि टोमॅटो या दोघांसाठी मिळून एक संयुक्त नियम आहे. म्हैस आणि टोमॅटो एकत्र फक्त शेतात आणि रेल्समध्येच दिसतात. तांदूळ, पैसा आणि पोलीस यांना अनेकवचन नाही, असं तिथे कायमचं नमूद आहे. आता पुण्यातल्या एखाद्याने खाणावळीसाठी अ‍ॅप्लिकेशन करायला घेतलं आणि रोमन लिपीत मॉडेलला वडा नाव दिलं, तर टेबल होतं वडाज, इथवर ठीक. बटाटा मात्र टीए या अक्षरांवर संपतो, म्हणून रेल्स त्याला डेटासारखं लॅटिन अनेकवचन समजतं आणि टेबलाचं नाव बटाटाच ठेवतं. उलट दिशेने एकवचन काढायला सांगितलं, तर डेटाचं जसं डेटम, तसं बटाट्याचं होतं बटाटम. यावर हसावं जरूर. पण हसून झाल्यावर हेही पाहावं, की जगातल्या कुठल्याही रेल्सच्या प्रकल्पात शिरलेला नवा माणूस टेबलं कुठे आणि कोणत्या नावाने असतील, हे न विचारता सांगू शकतो. बटाटम ही त्या शांततेची किंमत आहे, आणि मला ती स्वस्त वाटते. शिवाय नियमाला अपवाद नोंदवायची सोय आहेच.

यावर पहिला आक्षेप स्वाभिमानाचा. कुणा परक्याने त्याच्या सोयीने ठरवलेलं आम्ही का पाळायचं? आक्षेप वजनदार आहे, कारण ठरवणारा खरोखरच स्वतःच्या अंगणातून ठरवतो. जँगो हे पायथॉनमधलं फ्रेमवर्क कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात जन्मलं आणि 2005 साली सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या मूळ सेटिंग्जमधली वेळ आजही शिकागोची आहे, म्हणजे त्या वृत्तपत्राच्या भिंतीवरच्या घड्याळाची. नवा प्रकल्प मांडून देणारी कमांड आता तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहून देते, एवढी सुधारणा झाली. आपण त्या जागी एशिया, तिरकी रेघ, कोलकाता असं लिहायचं आणि कामाला लागायचं. पण या उदाहरणातच उत्तर आहे. ज्या निर्णयात खरंच बरोबर-चूक असतं, तो बदलायची जागा दाखवलेली असते. बाकीचे शेकडो निर्णय असे असतात, की ते कसे घेतले याला महत्त्व नसून ते एकदाच घेतले याला असतं. परक्याने घेतले तर एक फायदाही होतो: त्याच्याशी भांडायला तो ऑफिसात हजर नसतो.

सर्वांत बोलका पुरावा मात्र रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या जगातला. 2016 च्या सुमारास जावास्क्रिप्टमध्ये एक साधं पान उभं करायचं तरी वेबपॅक, बॅबल आणि त्यांची गोतावळ्यासह कॉन्फिगरेशनं जुळवावी लागत. लोक इतके दमले होते, की त्या थकव्याला स्वतंत्र नाव पडलं होतं. त्या वर्षीच्या जुलैत फेसबुकने क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप आणलं. त्यात वेबपॅक वगैरे मंडळी होतीच, पण एका पॅकेजाच्या आड दडवलेली. भांडायला हाताशी काही ठेवलंच नव्हतं. ज्यांना भांडल्यावाचून चैन पडत नाही अशांसाठी इजेक्ट नावाची एक कमांड मात्र होती. ती चालवली, की लपवलेलं सगळं कॉन्फिगरेशन तुमच्या फोल्डरात ओतलं जाई, आणि परतीचा रस्ता बंद. म्हणजे वादाचा अधिकार कुणाकडून काढून घेतलेला नव्हता. फक्त तो वापरायचा तर पुढचा सगळा संसार आपला आपण ओढायचा, एवढीच अट. वाद घालण्याची किंमत इतकी स्पष्ट छापलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे: वाद मिटत नाही, तो फक्त साधनाच्या निवडीवर सरकतो. खरं आहे. येओमन हे 2012 साली आलेलं साधन, टोपी घातलेल्या मिशीवाल्या गृहस्थाचं चित्र मिरवणारं. त्याच्यासाठी लोकांनी हजारो जनरेटर लिहिले, म्हणजे मांडणी कशी करावी याबद्दलची हजारो मतं. 2013 चं जेहिप्स्टर तर समोर बसवून मुलाखतच घेतं: अ‍ॅप्लिकेशन एकसंध की मायक्रोसर्व्हिस, डेटाबेस कुठला, मेव्हन की ग्रेडल, अँग्युलर की रिअ‍ॅक्ट की व्ह्यू. तरी मी म्हणेन, की फरक पडतो. आधी वाद रोज होता, प्रत्येक फाइलपाशी होता आणि त्याला शेवट नव्हता. आता तो एकदाच होतो, कामाआधी होतो, आणि एंटर दाबला की संपतो. आपल्याकडे मुंज, बारसं, लग्न यांचे मानपान याच तत्त्वावर चालत नाहीत, हे दुर्दैव.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तिथे मी बराचसा नमतो. तयार सांगाड्यावर शिकलेल्याला आत काय आहे ते कळत नाही, असं ते म्हणतात. एका कमांडसरशी शेकडो अनोळखी पॅकेजं संगणकावर उतरतात, आणि त्यांपैकी एखाद्यावर काय अवलंबून आहे हे ते पॅकेज नाहीसं झाल्यावरच समजतं. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्याने रागाने काढून घेतलं आणि जगभरच्या बिल्ड कोसळल्या. तेव्हा शिकणाऱ्याने निदान एकदा सर्व्हर, राउट आणि डेटाबेसची जोडणी हाताने करून पाहावी. पण या आक्षेपाच्या पोटातलं ‘म्हणून साधनच नको’ मला मान्य नाही. एकदा हाताने केलेलं दहाव्यांदा हाताने करण्यात शिक्षण नसतं, हौस असते, आणि हौसेचं बिल ग्राहकाला लावू नये.

राहता राहिला आजचा आक्षेप: कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन वाक्यांत सांगितलं तर ती अख्खं अ‍ॅप्लिकेशन लिहून देते, मग आता या साधनांचं काय काम? गंमत अशी, की ही बुद्धिमत्ताही मोकळं मैदान मिळाल्यावर नवी मांडणी शोधत बसत नाही. बहुतेकदा ती रिअ‍ॅक्ट, टेलविंड आणि ठरलेली फोल्डरं हाच पाट मांडते, कारण तिने वाचलेल्या कोडमध्ये तोच मांडलेला होता. संकेत टिकले, फक्त ते मांडणारा बदलला. साधनं येतात आणि जातात: क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप नव्या प्रकल्पांसाठी निवृत्त झाल्याचं रिअ‍ॅक्टच्या मंडळींनी 14 फेब्रुवारी 2025 रोजी जाहीर केलं. नेमका प्रेमाचा दिवस निवडून काडीमोड देण्याची ही पद्धत मला थोडी निष्ठुर वाटली, पण त्यांनी त्याच दमात नेक्स्ट, व्हीट वगैरे पुढची स्थळंही सुचवली.

एक विनंती मात्र सगळ्या तयार सांगाड्यांच्या यजमानांना आहे. जनरेटर पानाच्या शीर्षकात तात्पुरतं म्हणून ‘रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ किंवा ‘क्रिएट नेक्स्ट अ‍ॅप’ असं काहीतरी लिहून ठेवतो, आणि लोक ते तसंच ठेवून वेबसाइट जगापुढे आणतात. बाकी काही बदलू नका, फोल्डरांची नावं तर मुळीच नका. तेवढं शीर्षक बदला.