पाचापैकी तीन

टनमर्गला गाडी थांबली की गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि शेकडो पर्यटकांचा घाम मुरलेला लांब कोट भाड्याने घ्यावाच लागतो. मी निमूट घेतला. आमच्या दाजींनी मात्र दुकानदाराकडे असं पाहिलं, की त्यालाच थंडी वाजली असावी. दाजी ट्रेकर आहेत. सह्याद्रीतला एकही गड त्यांनी सोडलेला नाही, आणि त्याबद्दल सांगायची एकही संधी. शिवाय मनालीला स्कीइंगचा कोर्स झालेला. बहिणीचा नवरा पडल्यामुळे मला उलट बोलायची सोय नाही.

गुलमर्गचा गोंडोला कोंगडोरीमार्गे थेट अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडतो. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली तरी तेवढी उंची व्हायची नाही. पण पाळण्यात बसून वर जाणं दाजींना कमीपणाचं वाटलं. त्यांना बॅककंट्री करायचं होतं. म्हणजे स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, धापा टाकत तासन्‌तास चढायचं, मग पट्ट्या सोलून काही मिनिटांत खाली यायचं. भर मार्चमध्ये.

गाइड होता कोवळा काश्मिरी पोरगा. त्याने दाजींच्या छातीला ट्रान्सीव्हर बांधला आणि हातात प्रोबची घडीची काठी नि एक फावडं दिलं.

"ये फावडा किसलिए?"

"मुझे निकालने के लिए, साहब. मेरा वाला आपके लिए है."

यंत्र 457 किलोहर्ट्झवर टिकटिकत राहतं. जगभर सगळ्यांचं एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे कुणीही कुणाला शोधू शकतो. हिमस्खलनाखाली गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढलं तर आशा चांगली, पुढे ती झपाट्याने घटते. ओला बर्फ थांबला की जागच्या जागी घट्ट होतो आणि घनमीटरला पाचशे किलोच्या घरात भरतो. हे ऐकल्यावर दाजींनी गाइडचे दंड जरा निरखून पाहिले.

फळ्यावर त्या दिवशीचा हिमस्खलनाचा धोका लिहिला होता : पाचापैकी तीन.

"साठ टक्के," दाजी म्हणाले. "फर्स्ट क्लास की!"

युरोपात स्कीअर सर्वाधिक दगावतात ते या तीनवरच. चार-पाच म्हटलं की माणसं घरी बसतात. तीनला प्रत्येकाला वाटतं, आपण पास.

निघायचं ठरलं होतं पहाटे पाचला. पण हॉटेलच्या भाड्यात नाश्ता धरलेला होता, तो मिळतो आठला, आणि भरलेले पैसे सोडणं दाजींच्या रक्तात नाही. चार आलू पराठे रिचवून आम्ही उताराच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. आभाळ निळंशार, ऊन लोण्यासारखं. दाजींनी टोपी काढली. "याला म्हणतात हवामान!"

गाइडने वर पाहिलंच नाही. तो माझ्याकडे वळला. "आप ज़रा चार कदम चलिए."

चौथ्या पावलाला माझा गमबूट गुडघ्यापर्यंत आत गेला. मी पाय ओढला. पाय आला, बूट राहिला.

"देखा?" गाइड म्हणाला. "पहाड़ गरम हो गया."

वसंतातल्या डोंगराला कचेरीच्या वेळा असतात. रात्री आभाळ मोकळं असलं की वरचा थर गोठून दगडासारखा होतो, त्यावरून पहाटे खुशाल चालावं. ऊन लागलं की पाणी कणाकणांत झिरपतं, पकड सुटते आणि अख्खा उतार निसटू शकतो. आधी पूर्वेकडचा, मग दक्षिणेकडचा, दुपारनंतर पश्चिमेचा. आमचा पूर्वेचा होता. तीस ते पंचेचाळीस अंश चढ यासाठी सगळ्यात वाईट, आणि स्कीइंगला तोच सगळ्यात चांगला. वरच्या खडकाखालून बर्फाचे लाडूएवढे गोळे कुणी न ढकलता घरंगळत येत होते, मागे बारीक रेघ सोडत. एक गोळा दाजींच्या स्कीपाशी येऊन थांबला.

"डोंगर चढने की हमको सवय है," दाजी म्हणाले.

"डोंगर को आपकी नहीं है, साहब."

आम्ही समोरच्या सपाटीवर बसून राहिलो. उतार कोसळेल, निदान फोटो तरी मिळेल, म्हणून दाजी मोबाइल रोखून होते. बारा वाजले, एक वाजला, राजमा-चावल झाला. उतार तसूभर हलला नाही. अडीच वाजता दाजींनी पैसे परत मागितले. "कुछ हुआ ही नहीं, तो पैसा किस बात का?"

गाइडने कहवा संपवला, कप झटकला. "उसी बात का."

घासाघीस होऊन दुसऱ्या दिवशीची पहाट त्याच पैशांत ठरली. नाश्त्यावर पाणी सोडून दाजी आठलाच झोपले, बूट उशाशी. पहाटे चारला दार वाजलं. दाजी पट्टे आवळतच उठले. बाहेर गाइड, हातात टॉर्च.

"रात को बादल थे, साहब. बर्फ जमी नहीं. सो जाइए."

"हे सांगायला चारला उठवलंस?" दाजी थेट मराठीत ओरडले.

"पाँच बजे बताता, तो आप बाहर मिलते."