बाहेर पडण्याचं कलम

उझबेकिस्तानच्या नकाशाचा एक तृतीयांशाहून मोठा तुकडा म्हणजे काराकलपाकस्तान. स्वतःचा झेंडा, स्वतःची संसद, उझबेकपेक्षा कझाकला जवळची भाषा. देशाच्या घटनेतच लिहून ठेवलंय, की इथल्या लोकांनी सार्वमताने ठरवलं तर हे प्रजासत्ताक वेगळं होऊ शकतं. असं सार्वमत आजवर एकदाही झालेलं नाही.

मग २०२२च्या जूनमध्ये ताश्कंदला हे कलम काढून टाकायची घाई का झाली? घटनादुरुस्तीच्या त्याच मसुद्यात राष्ट्राध्यक्षांची मुदत पाचाची सात वर्षं करण्याचीही तरतूद होती. सत्ता वाढवायची आणि जाता जाता दुसऱ्याचा हक्क खोडायचा, असा तो सरळ डाव होता.

काराकलपाकस्तानची राजधानी नुकुसमध्ये १ जुलैला हजारो लोक रस्त्यावर आले. या दुरुस्तीविरुद्ध बोलणारे वकील-पत्रकार दौलेतमुरात ताजिमुरातोव त्याच दिवशी पोलिसांच्या हाती लागले. पाठोपाठ गोळीबार, आणीबाणी, इंटरनेट बंद. सरकारी आकडाच २१ मृतांचा आहे. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष मिर्झियोयेव विमानाने नुकुसला आले आणि कलमाला हात लावणार नाही म्हणाले. म्हणजे लोकांची मागणी रास्त होती, हे त्यांनीच कबूल केलं. तरीही ताजिमुरातोव यांना बुखाराच्या न्यायालयाने १६ वर्षांची शिक्षा ठोठावली. मागणी मान्य आणि मागणारा तुरुंगात, याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कधी न वापरलेल्या कलमासाठी लोक एवढे पेटून का उठले, हे मुयनाकला गेल्यावर कळतं. एकेकाळी हे मासेमारीचं बंदर होतं. अमू दर्याचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं गेलं आणि अरल समुद्र आटत आटत कोसच्या कोस मागे सरकला. बंदरात आता वाळूवर गंजलेल्या बोटी उभ्या आहेत, आणि वारा सुटला की खारट धूळ घराघरांत शिरते. समुद्र जाताना इथल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. हातात उरलं होतं ते घटनेतलं एक वाक्य, आणि तेही विचारल्याशिवाय खोडायला निघाले होते.

२०२३च्या नव्या घटनेत ते कलम शाबूत राहिलं. राष्ट्राध्यक्षांची मुदतही सात वर्षांची झाली. आता ताजिमुरातोव यांना सोडा. ज्या कलमासाठी ते बोलले, ते तुम्हीच राखलंत. मग त्यांना आत ठेवायला कारण उरतं कुठलं?