कार्यक्रमांना वाचकांचा अडथळा नको!

मा. कार्यवाहसाहेब,
सार्वजनिक वाचनालय, मु. पो. आपलंच गाव

स. न. वि. वि.

आगामी कार्यक्रमांचं पत्रक मिळालं. गुळगुळीत कागद, चार रंगांत छपाई आणि वरच्या अर्ध्या भागात कार्यकारिणीच्या सर्व सन्माननीय सदस्यांचे फोटो. उरलेल्या जागेत ऑगस्ट ते फेब्रुवारीचे कार्यक्रम बसवले आहेत. कोपऱ्यात उघड्या पुस्तकाचं एक चित्रही आहे. त्यावर प्रायोजक पतसंस्थेचं नाव आल्यामुळे आत काय लिहिलंय ते दिसत नाही, पण पुस्तक आहे हे नक्की. मनःपूर्वक अभिनंदन.

मला सगळ्यात भावली ती अगदी तळाची बारीक ओळ. ‘कार्यक्रमाच्या दिवशी, तसेच आदल्या दिवशी तयारीसाठी व दुसऱ्या दिवशी आवराआवरीसाठी देवघेव विभाग बंद राहील.’ ही ओळ ज्यांनी लिहिली त्यांना वाचनालय चालवण्याचं मर्म कळलेलं आहे. खरा त्रास असतो तो वाचकांचा. ते येतात, कपाटासमोर उभे राहतात, पुस्तक मागतात, वर पुन्हा ते घरी घेऊन जातात. अशाने कार्यक्रम व्हायचे कसे?

पहिला कार्यक्रम १२ ऑगस्टचा, ग्रंथपाल दिनाचा. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार आणि मग आपल्या ग्रंथपालताईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. शासनाच्या अनुदानातली साधारण निम्मी रक्कम सेवकांच्या पगारासाठी असते आणि ती येते हप्त्यांनी. हप्ता लांबला की ताईंचा पगार लांबतो. शाल मात्र दरवर्षी १२ ऑगस्टला न चुकता मिळते. तिचा एकही हप्ता थकलेला नाही. ताईंकडे आता इतक्या शाली झाल्या असतील की पगाराऐवजी त्याच घेऊन त्या आठवडी बाजारात बसल्या, तर महिना बरा जाईल.

रंगनाथन हे गृहस्थ मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथल्या सामसुमीला इतके वैतागले, की मला परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. त्या वेळी आपल्यासारखं कोणी भेटून त्यांना दोन-चार उद्घाटनं लावून दिली असती, तर वेळ मजेत गेला असता. तसं झालं नाही. ते विलायतेला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आले आणि १९३१ साली त्यांनी पाच नियमांचं पुस्तकच लिहिलं. त्यातला पहिलाच नियम असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. हा नियम समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांची गोष्ट सांगितली आहे. तिथे म्हणे पुस्तकं फळीला साखळीने बांधून ठेवत. आपण त्यांच्या पुष्कळ पुढे गेलो. साखळीतलं पुस्तक निदान जागेवर उघडून वाचता तरी यायचं.

आपल्याकडे पाचही नियम जिन्यात सोनेरी अक्षरांत लावलेले आहेत आणि त्यांच्या बरोबर खाली कपाट क्रमांक सात आहे. काचेचं आहे, त्यामुळे आतली पुस्तकं नीट दिसतात. चरित्रं आहेत, प्रवासवर्णनं आहेत, खालच्या फळीवर विश्वकोशाचे खंड आहेत. कुलूप पितळी. मी एकदा ताईंकडे त्यातलं एक चरित्र मागितलं. त्यांनी टेबलाच्या खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला, एकेक किल्ली उजेडाकडे धरून तिच्यावरचा चिकटपट्टीचा आकडा वाचला. सहा होती, आठ होती. मग त्या म्हणाल्या, “सातची सहकार्यवाहांकडे असते. ते मुलाकडे गेलेत, पुण्याला.” कधी येणार, असं मी विचारलं. “सर्वसाधारण सभेला येतात,” असं उत्तर मिळालं. पुस्तक सुरक्षित आहे, यात शंका नाही.

पुढचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरचा, वाचन प्रेरणा दिनाचा. डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीचा हा दिवस राज्यभर साजरा होतो, आपल्याकडेही जोरात होतो. गेल्या वर्षी मी मागच्या बाजूला उभा होतो. नगरपरिषदेच्या शाळेची मुलं आणली होती. सतरंजीवर बसवून प्रत्येकाच्या हाती एकेक पुस्तक दिलं. फोटोवाला स्टुलावर चढला. “पुस्तकात बघा, माझ्याकडं बघू नका,” असं तो म्हणाला आणि मुलांनी बघितलं. फोटो झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, पुस्तकं गोळा करायला सुरुवात झाली. तिसऱ्या रांगेत एक मुलगी होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. ती फोटोवाल्याचं ऐकून जी पुस्तकात बघायला लागली ती थांबलीच नव्हती. सेविका मावशींनी हात पुढे केला, तर तिने बोट पानावर तसंच ठेवून विचारलं, “काकू, घरी नेऊ का? उद्या आणून देते.” मावशी भल्या. त्या म्हणाल्या, “बाळा, अनामत भरावी लागते. बाबांना घेऊन ये, दोन फोटो आण, आधारकार्ड आण.” मुलीने पुस्तक दिलं. बिस्किटाचा पुडा घेतला आणि गेली. समूहवाचनाचा अहवाल आपण तालुक्यातून सर्वांत आधी पाठवला, त्याचं कौतुक झालं, हे आपणच वार्षिक सभेत सांगितलंत. फोटोत ती मुलगी छान आली आहे. बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच खाली बघते आहे एवढंच.

दिवाळी अंकांच्या प्रदर्शनाबद्दल फार लिहीत नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर वाचतो असं म्हणतात. आपल्याकडे तो अंक दोरीला चिमट्याने लटकवलेला बघतो. शेजारी ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी. प्रदर्शन आटोपून अंकांवर शिक्के बसून ते फिरायला लागले, की माझ्या वाट्याला येणारा अंक साधारण होळीला येतो. त्यातलं वार्षिक राशिभविष्य तोवर पडताळून बघता येतं, ही सोय दुसऱ्या कुठल्या वाचनालयात असेल असं वाटत नाही.

आता व्याख्यानमाला. इथे मात्र मला आपल्या बाजूने बोललं पाहिजे. व्याख्यान आणि वाचनालय यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने. वक्त्याचं ऐकून यायचं, ते डोक्यात घोळत राहायचं, मग पुस्तक शोधत वाचनालयात यायचं, असा तो क्रम. आपण त्यातला शेवटचा भाग गाळून क्रम आटोपशीर केला. यंदाच्या पाहुण्यांचा विषय ‘वाचनसंस्कृती : काल, आज आणि उद्या’ असा आहे. गेल्या वर्षी दुसरे पाहुणे होते, विषय हाच होता. ते कळवळून म्हणाले, “आजची तरुण पिढी वाचते कुठे?” तरुण पिढी त्या वेळी बाहेर ओट्यावर बसली होती. अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं, सकाळी सातला डबा घेऊन येणारी. व्याख्यानासाठी त्यांच्या खुर्च्या लागल्या म्हणून त्यांना उठवलं होतं. रस्त्यावरच्या दिव्याखाली ती चालू घडामोडी पाठ करत होती. नंतर सभागृहाच्या मागच्या रांगा रिकाम्या दिसायला लागल्या म्हणून त्यांना पुन्हा आत बोलावलं, हेही मी पाहिलं. त्यांनी ऐकलं. वाचन कमी का झालं, याची पाहुण्यांनी सांगितलेली कारणं त्यांतल्या दोघींनी वहीत उतरवून घेतली. परीक्षेत निबंधाला येऊ शकतं.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन आणि त्यानिमित्त ग्रंथदिंडी. पालखी फुलांनी सजवतात, तीत ज्ञानेश्वरी, गाथा, संविधान. पुढे लेझीम, मागे आपण सगळे फेटे बांधून. दिंडी मारुतीच्या देवळापासून निघून बाजारपेठेतून, एस. टी. स्टँडला वळसा घालून वाचनालयात परत येते. मला या दिंडीतली काटेकोर शिस्त आवडते. जेवढी पुस्तकं निघतात तेवढीच परत येतात, वाटेत एकही कुणाच्या हाती लागत नाही. नाहीतर ते सयाजीराव गायकवाड. बडोद्यात ग्रंथालयं उभारायला त्यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा जाणकार आणवला आणि खेड्यापाड्यांत पेट्या भरभरून पुस्तकं पाठवली. आणि लोकांनी ती उघडून वाचली. तिकडे तमिळ मुलखात मन्नारगुडीला १९३१ साली बैलगाडीतून फिरतं वाचनालय निघालं. उद्घाटनाला हेच रंगनाथन होते. ती गाडी गावोगाव थांबायची आणि माणसं तिच्यातून पुस्तकं घेऊन जायची. ना लेझीम, ना फेटे. अशा गाडीचा फोटो काढून तपासणीच्या फायलीला लावायचा तरी कसा, याचा विचार त्या लोकांनी केलेला दिसत नाही.

आता थोडं माझ्या मनातलं. आपण पत्रकाच्या शेवटी ‘सभासदांनी सूचना कराव्यात’ असं छापलं आहे. ते सगळ्याच पत्रकांत छापतात हे मला माहीत आहे, तरी करतो.

एक कार्यक्रम आपल्याकडून राहून गेलाय, तो म्हणजे ‘कपाट क्रमांक सातचं उद्घाटन’. रीतसर करू. पत्रिका छापा, वरच्या अर्ध्या भागात फोटो असू द्या. आमदारसाहेबांना बोलवा, कुलपाला लाल फीत बांधा. सहकार्यवाहांना पुण्याहून किल्लीसकट आणायची जबाबदारी माझी, एस. टी.चं भाडंही माझ्याकडे लागलं. आमदारसाहेबांनी किल्ली फिरवली की टाळ्या. मग कोणा एका सभासदाने पुढे व्हावं आणि आतलं पुस्तक बाहेर काढावं. त्याला ते निवडायला जेवढा वेळ लागेल तेवढ्या वेळात पाहुण्यांनी भाषण करावं. सभासद चोखंदळ असला तर पाऊण तास सहज निघेल, पाहुणेही खूश. मग ताईंनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारावा आणि त्या शिक्क्याचा क्लोजअप फोटो घ्यावा. इतिवृत्तात याची नोंद ‘ऐतिहासिक’ म्हणून करायला माझी हरकत नाही.

हा कार्यक्रम रंगला तर पुढे दररोज संध्याकाळी पाच ते आठ लावता येईल. नाव ‘देवघेव सोहळा’. प्रमुख पाहुणा म्हणजे पहिला येईल तो. दीपप्रज्वलनाऐवजी ताईंनी ट्यूबलाइट लावावी. कादंबऱ्यांच्या गल्लीतली तशीही बंद आहे, तेवढी बदलून घ्या. सूत्रसंचालनाची गरज पडणार नाही. आभार ज्याचे त्याने मानावेत. ज्यांना प्रसिद्धीवाचून चैन पडत नाही त्यांच्यासाठी दारात फलक लावता येईल : ‘आज आमच्या वाचनालयातून तीन पुस्तके नेल्याबद्दल अमुकराव यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ.’ आणि त्या लाल रिबिनीवाल्या मुलीचा फोटो लावून खाली ‘भावी वाचक’. गावात भावी नगरसेवकांचे इतके फलक आहेत, त्यांत हा एक खपून जाईल. मात्र तिच्याकडून अनामत मागू नका. पाहुण्यांच्या एका पुष्पगुच्छात बालविभागाच्या किती अनामती बसतात, याचा हिशेब कोषाध्यक्ष सांगतील.

हे सगळं फार खर्चिक वाटत असेल, तर नुसतं कुलूप काढलं तरी चालेल. कार्यकारिणीत ठराव लागेल, गणसंख्या लागेल, मला कल्पना आहे. घाई नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
वर्गणी भरणारा एक सभासद

ता. क. माझ्याकडे आपल्या वाचनालयाची एक कादंबरी आहे. परत करायला येतो तेव्हा नेमका सत्कार असतो, नाहीतर सत्काराची आवराआवर. मुदत टळून गेली आहे आणि नियमाप्रमाणे रोजचा दंड चढतो आहे. तो मी भरणारच. पावती मात्र ‘उशीर’ याच सदराखाली फाडावी, ‘कार्यक्रम निधीस देणगी’ म्हणून नको. नाहीतर पुढच्या पत्रकात माझाही फोटो छापून येईल.