नियोजित इमारत कोपऱ्यावरून कशी काढावी

सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की कुणाला तरी चित्र काढावं लागतं. आर्किटेक्टचं चित्र यायला वेळ असतो, त्याला पैसे पडतात, आणि विशेष सर्वसाधारण सभा तर येत्या रविवारी असते. मग कमिटी इमारतीतला असा एक सदस्य हुडकून काढते, ज्याने कधी काळी गणपतीचा फ्लेक्स कॉम्प्युटरवर केला होता. "अरे, तुला ते इलस्ट्रेटर येतं ना? जरा आपली नवी बिल्डिंग काढून दे. फार काही नको. ब्रोशरमध्ये असते तशी, कोपऱ्यावरून." प्रस्तुत मार्गदर्शन या सदस्यासाठी आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथे ते लागू राहील. दादर व त्याखालील रहिवाशांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरावं.

'ब्रोशरमध्ये असते तशी' म्हणजे दोन बिंदूंच्या यथार्थदर्शनातली. इमारतीचा एक कोपरा आपल्याकडे असतो आणि दोन भिंती दोन बाजूंना पळतात. डाव्या भिंतीवरच्या सगळ्या आडव्या रेषा, म्हणजे छज्जे, खिडक्यांच्या चौकटी, गच्चीचा कठडा, डावीकडे लांब एका बिंदूत मिळतात. उजव्या भिंतीवरच्या उजवीकडे. दोन्ही बिंदू एकाच क्षितिजरेषेवर. उभ्या रेषा मात्र कुठेही जात नाहीत, उभ्याच राहतात.

उभ्या रेषांचा हा नियम पटत नसेल तर अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल बघून यावं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेले बेसाल्टचे खांब, उंची साधारण ६१ मीटर, म्हणजे वीस मजले, आणि सगळं काम ओळंब्यात. ओसी नाही, पण गळतीची तक्रारही नाही. अडचण एवढीच की भोवती इमारतींची इतकी दाटी आहे की टेकडी दिसते ती अगदी पायथ्याशी गेल्यावर. तिथे मान वर केलीत तर खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकताना दिसतील. ते तिसऱ्या बिंदूचं काम, आणि तो या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे. सबब मान वर करू नये.

साधनांबद्दल थोडक्यात. इलस्ट्रेटरमध्ये यथार्थदर्शनाची जाळी २०१० साली, सीएस५ आवृत्तीत आली. शिफ्ट आणि पी दाबलं की ती पडद्यावर उगवते, आणि काही सांगितलं नाही तर दोन बिंदूंचीच उगवते. स्टेशनबाहेरच्या डीटीपीवाल्याकडे बसणार असाल तर तिथे बहुधा कोरलड्रॉ असेल. त्यात भिंतीचे कोपरे धरून हाताने ओढता येतात, आणि बिंदू पडद्याच्या आवाक्यात आला की तिथे एक फुली दिसते. फुली दिसली की डीटीपीवाला कटिंग मागवतो. खजिनदारांना इंकस्केप पसंत पडेल, कारण ते फुकट आहे. त्यात त्रिमिती खोकं काढायचं अवजार आहे, आणि हल्लीच्या इमारती पाहता अर्धं काम तिथेच संपतं.

इलस्ट्रेटरची एक अट लक्षात ठेवावी: एका फाइलीत जाळी एकच. टॉवरला ते पुरतं. पण मेट्रोने घाटकोपरला जाताना असल्फ्याची टेकडी दिसते, २०१८च्या सुमारास जिच्यावरची घरं रंगवली गेली ती. तिथलं प्रत्येक घर जागा मिळेल तसं आपापल्या कोनात वळलेलं, त्यामुळे प्रत्येकाची बिंदूंची जोडी वेगळी. क्षितिज तेवढं सामाईक. असल्फा या पद्धतीने काढायचा तर घरागणिक फाइल उघडावी लागेल. होतकरूंनी त्या भानगडीत पडू नये.

आता मुख्य प्रश्न: चित्र काढणारा उभा कुठे आहे? पुस्तकं एका शब्दात मोकळी होतात: 'योग्य अंतरावर'. १४३५ साली अल्बर्टीने फ्लॉरेन्समध्ये चित्रकलेवरचा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून या शास्त्राने धरून चाललंय की बघणाऱ्याला डोळा एकच आहे आणि तो जागचा हलत नाही. असा माणूस संध्याकाळी सात वाजता अंधेरी स्टेशनच्या पुलावर उभा करून पाहावा. लोक त्याला न विचारता भलत्याच प्लॅटफॉर्मवर उतरवून देतील.

तरी हिशेब करू. नजर सरळ समोर ठेवली की साधारण साठ अंशांच्या शंकूत बसेल तेवढंच नीट दिसतं. त्याबाहेरचं ताणलेलं, वेडंवाकडं येतं. म्हणजे क्षितिजाच्या वर तीस अंश मिळाले. नियोजित इमारत २२ मजल्यांची, मजल्याला ३ मीटर, एकूण ६६ मीटर. बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. एवढ्या इमारतीचा शेंडा तीस अंशांत बसवायचा तर सुमारे ११२ मीटर मागे जावं लागतं. समोरचा रस्ता १३.४० मीटरचा, जुन्या मापात ४४ फुटी. आतल्या गल्ल्यांच्या मानाने हा ऐसपैस म्हणायचा. कंपाउंडच्या आतली मोकळी जागा धरली तरी समोरच्या फुटपाथपासून भिंत वीस मीटरवर. वीस मीटरवरून त्याच तीस अंशांत १३ मीटर उंची दिसते. चार मजले.

तळमजला अधिक तीन. आता जी पाडायची आहे ती इमारत बरोबर एवढीच आहे. ती बांधणाऱ्याने अल्बर्टी वाचला होता असं नाही. त्याने लिफ्टचा खर्च वाचवला होता. पण समोरच्या फुटपाथवरून ती पायापासून गच्चीपर्यंत एका नजरेत मावते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात, मेथीची जुडी पसंत नसली तर तशीच परत पाठवतात. रस्ता आहे तेवढाच ठेवून इमारत साडेपाच पट झाली की ती आख्खी दिसेल अशी जागा गल्लीत कुठेच उरत नाही. एफएसआयच्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नाही.

तर ११२ मीटर मागे जायचं. त्यासाठी समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमधून, तिच्या मागच्या सोसायटीच्या वॉचमनला चुकवून, नाला ओलांडून तिसऱ्या सोसायटीतल्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहावं लागेल, आणि मधल्या सगळ्या भिंती नाहीतच असं मानावं लागेल. सॉफ्टवेअर त्यासाठी कुणाची एनओसी मागत नाही. ब्रोशरमध्ये इमारतीपुढे जी हिरवीगार हिरवळ असते, ती लोक समजतात तशी हौसेखातर काढलेली नसते. चित्रकाराला उभं राहायला जागा नको? समोरच्या सोसायटीचाही पुनर्विकास चालला असेल तर तिच्या ब्रोशरमध्ये तुमच्या इमारतीच्या जागी कारंजं आहे, याची नोंद घ्यावी.

इमारत अंधेरीच्या जे. पी. रोडवर असेल तर मेट्रोचा पूल गाळावा. जून २०१४पासून त्यावरून मेट्रो धावते आणि तो खालचे दोन-तीन मजले झाकतो. 'मेट्रोपासून दोन मिनिटं' हे अक्षरांत लिहायचं असतं, चित्रात दाखवायचं नसतं.

उभं राहण्याची जागा ठरली की बिंदू ठरतात. डोळ्यापासून दोन्ही बिंदूंकडे रेषा काढल्या तर त्यांच्यात काटकोन होतो. इमारत दोन्ही बाजूंना सारखीच वळलेली असेल तर प्रत्येक बिंदू मधल्या कोपऱ्यापासून ११२ मीटरवर पडतो. चित्रात इमारत २० सेंटिमीटर उंच काढलीत तर दोन बिंदूंमधलं अंतर ६८ सेंटिमीटर येतं, आणि एफोर कागद जेमतेम २१ सेंटिमीटर रुंद. बिंदू कागदाबाहेर जाणारच, जाऊ द्यावेत. पूर्वी बोर्डाच्या बाहेर, शेजारच्या टेबलावर टाचणी टोचून तिथून दोरा ताणत. इलस्ट्रेटरमध्ये आर्टबोर्डाबाहेर ओढले की झालं. स्टेशन पॉइंट, म्हणजे ही उभं राहण्याची जागा, लॉक करून ठेवा, म्हणजे एक बिंदू सरकवला की दुसराही मुकाट सरकतो.

नेमक्या याच वेळी सेक्रेटरी काका मागे येऊन उभे राहतात. "छान आहे रे, पण भारी वाटत नाही. तो कोपरा जरा अंगावर आला पाहिजे." काकांना काय हवंय ते सोपं आहे: बिंदू आत ओढायचे. दोन्ही बिंदू कागदाच्या कडेला आणून ठेवले की इमारतीचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा सभासदांवर चाल करून येतो, आणि मागच्या बाजूचा वन बीएचके निमुळता होत होत शेवटी सुरीने कापता येईल इतका बारीक होतो. त्या फ्लॅटचा मालक सभेला येणार असेल तर हा उपाय करू नये.

बिंदू नेमके कुठे पडतात याची उपनगरवार माहिती घेतलेली बरी. बोरिवलीला उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलात तर उजवा बिंदू संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दिशेला जातो. मुलुंडला तसेच उभे राहिलात तर डावा बिंदू त्याच उद्यानाच्या दिशेला. दोन्हीकडचे ब्रोशरवाले त्या सुमारे १०३ चौरस किलोमीटर जंगलाला 'आपली बॅकयार्ड' म्हणतात, आणि गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदेही त्याच्याच पोटातून. तिथला एक कायमचा रहिवासी बिबट्या. त्याला अजून कुणी चित्र काढायला सांगितलेलं नाही.

क्षितिजरेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. खरं क्षितिज बघायचं तर जुहू, वर्सोवा किंवा गोराईला जावं लागतं. बाकी उपनगरात ते कुणाच्या ना कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीमागे आहे. पण प्लॅटफॉर्मवरची गर्दी बघा. सपाट जमिनीवर तुमच्याच उंचीची माणसं कितीही लांब उभी असोत, त्यांचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या रेषेतच येतात. वरखाली होतात ते फक्त पाय. चित्रात माणसं बसवताना हाच नियम. ब्रोशरमधली माणसं हवेत तरंगताना दिसतात, कारण ती दुसऱ्या कुठल्या तरी फोटोतून, दुसऱ्या क्षितिजासह उचललेली असतात. शिवाय त्यांच्या हातात गोल्फची काठी असते, ती वेगळी गोष्ट. काका क्षितिज आठव्या मजल्यावर न्यायला सांगतील, म्हणजे पोडियमवरची बाग आणि तरणतलाव दिसतो. न्यावं. फक्त तिथे हवेत कोण उभं आहे, असं एखाद्या आजोबांनी विचारलं तर ड्रोन म्हणावं.

भिंती उभारणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणून लवकर उरकू. १ दाबलं की डावी भिंत, ३ दाबलं की उजवी. खिडकी एकदाच काढायची आणि चिकटवत जायचं, जाळी ती आपोआप लहान करत नेते. बाल्कनी भिंतीपासून पुढे काढायची तर ओढताना ५ दाबून धरा. शेंडा कुठे थांबवायचा ते अंधेरी आणि घाटकोपरमध्ये तुमच्या हातात नाही. विमानतळाजवळची उंची विमानतळ प्राधिकरणाच्या परवानगीने ठरते. सभेत जाहीर केलेले मजले आणि परवानगी मिळालेले मजले यांत फरक असेल तर वरच्या मजल्यांवर ढग काढावेत.

एक बारकावा मात्र उरकून चालणार नाही. चौकोनी इमारतीला बाजू चार, आणि या पद्धतीत दिसतात दोनच. उरलेल्या दोन बाजूंबद्दल चित्र काहीच बोलत नाही, आणि ते खोटंही बोलत नाही. विक्रीचे फ्लॅट कोणत्या दोन भिंतींवर आहेत आणि जुन्या सभासदांचे कोणत्या, हे जाळी उघडण्याआधी नकाशात बघून घ्या. मग सभेत मागच्या खुर्चीवर बसायचं की दाराजवळच्या, ते ठरवता येईल.

काम झालं की कंट्रोल, शिफ्ट, आय दाबून जाळी लपवा. खाली बारीक अक्षरात 'चित्र केवळ कलाकाराची कल्पना' असं लिहायचा रिवाज आहे, पण त्या ओळीवर फार विसंबू नये: जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर भरवसा ठेवून पैसे भरलेल्या माणसाचं नुकसान झालं तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. पुढे विकासक ठरला, प्रकल्पाची नोंदणी झाली आणि तुमचंच चित्र विक्रीच्या जाहिरातीत गेलं, तर तिच्यावर महारेराचा क्रमांक लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो हौसेने डाव्या भिंतीवर तिरका बसवू नका. कागदावर सपाट, समोरून दिसेल असा ठेवा. प्रकल्पाची नोंदवलेली माहिती लोकांना तिथूनच उघडायची असते.