पालकांच्या मार्गदर्शनाखाली

चित्रपट प्रमाणनाच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि १९८३पासून एकसंध नांदणाऱ्या ‘यूए’ प्रमाणपत्राच्या सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्या अशा तीन वाटण्या झाल्या. दाखवा, पण पालकांच्या मार्गदर्शनाखाली, ही मूळ मेख मात्र तशीच राहिली. सरकारनं किती सभ्यपणे अंग काढून घेतलंय पाहा! हे मार्गदर्शन नेमकं कसं करतात, ते मी तरी आजवर कुठल्या थिएटरात पाहिलेलं नाही. मला दिसलेले मार्गदर्शक अवघड प्रसंग आला की पॉपकॉर्नच्या तळाशी काहीतरी शोधू लागतात, नाहीतर पाणी आणायच्या निमित्तानं अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर पडतात आणि नायक-नायिका एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर गेल्याचा अंदाज घेऊनच परततात.

यंदा दिवाळीत भाचरं माझ्याकडे यायची ठरली, तेव्हा हे मार्गदर्शन बहिणीनं माझ्या गळ्यात घातलं. “दादा, तुझ्या त्या लाडक्या शाळाबुडव्याचा सिनेमा दाखवणार म्हणतोस, पण आधी एकदा नीट बघून घे. नको ते काही नाही ना त्यात?” शाळाबुडव्या म्हणजे ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’चा नायक. जॉन ह्यूजचा १९८६चा सिनेमा. शिकागोच्या उपनगरातला एक पोरगा आजारपणाचं सोंग काढतो आणि आपली मैत्रीण स्लोन व मित्र कॅमेरन यांना घेऊन दिवसभर शहर हुंदडतो, एवढंच कथानक. भाची तेरा पूर्ण, भाचा दहाचा. अमेरिकेनं या सिनेमाला ‘पीजी-१३’ दिलेलं, म्हणजे त्या आकड्याच्या हिशेबानं अर्धं घर पात्र होतं आणि अर्धं अपात्र. शिवाय मामाच्या घरी मुलांना थोडंसं अयोग्य काही मिळावं, अशी आपल्या समाजाची जुनी अपेक्षाच असते. त्यासाठीच तर सुट्टीत तिकडे धाडतात.

‘पीजी-१३’चा जन्मही अशाच एका घरगुती तक्रारीतून झालेला. १९८४च्या उन्हाळ्यात ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’मध्ये एका माणसाचं काळीज हातानं उपटून काढलेलं पाहून आणि ‘ग्रेमलिन्स’मधली खेळण्यासारखी गोंडस पिल्लं पिसाळलेली पाहून आईबाप हादरले. स्वतः दिग्दर्शक स्पीलबर्गनंच मधली पायरी सुचवली आणि जुलैत ती आली. ह्यूजचा ‘सिक्स्टीन कँडल्स’ त्याच्या आधी, मे महिन्यात लागला होता. त्यामुळे तो साध्या ‘पीजी’वर सुटला. पुढच्याच वर्षी त्याच्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’ला मात्र थेट ‘आर’ मिळालं. त्यात पाच मुलं शनिवारभर शिक्षा म्हणून शाळेच्या ग्रंथालयात बसून बोलतात, पण शिव्या फार. आज पाहिलं तर कात्री भलत्याच ठिकाणी चालल्यासारखी वाटते. सुटलेल्या सिनेमात आशियाई विद्यार्थ्याचं नाव निघालं की विनोद म्हणून घंटा वाजते, आणि दारूनं बेशुद्ध झालेली मुलगी एक पोरगा दुसऱ्याच्या हवाली करतो. या दोन्ही सिनेमांची नायिका मॉली रिंगवॉल्ड हिनं आपल्या दहा वर्षांच्या मुलीला ‘ब्रेकफास्ट क्लब’ दाखवला आणि २०१८मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये त्यावर लिहिलं. ज्या सिनेमांनी तिला घडवलं, तेच मुलीच्या शेजारी बसून बघताना तिला खुपू लागले होते. स्वतःच्याच जुन्या फोटोसमोर अशी अवघडून बसलेली ती बाई मला फार जवळची वाटते.

तर मी परीक्षणाला बसलो. हातात रिमोट, समोर वही. आमच्या लहानपणी व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्यानं यायचा आणि रिमोट घरातल्या सर्वांत ज्येष्ठ अंगठ्याखाली असायचा. आक्षेपार्ह काही दिसलं की तो अंगठा फास्ट फॉरवर्डवर पडे, आणि चिमण्यांनी दाणे टिपावेत तशी ती दोघं पडद्यावर टकाटका चुंबनं घेत. साध्या वेगात ज्याकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं, ते त्या वेगामुळे जन्मभर लक्षात राहिलं. अंगठ्याच्या धन्याला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. पण बटण दाबल्याचं समाधानही काही कमी नसतं.

वहीत नोंदी अगदीच फुटकळ जमल्या. काही शिव्या. काही चुंबनं, तीही घाईतली. पोहण्याच्या तलावाकाठचा एक प्रसंग, ज्यात संकोच जास्त आणि दर्शन जवळजवळ काहीच नाही. खरी पंचाईत निराळीच होती. फेरिस सुरुवातीलाच कॅमेऱ्यात बघून आईबापांना फसवायचं शास्त्र शिकवतो. ताप आणू नका, आई घाबरून डॉक्टरकडे नेते. पोट धरून वाकायचं, कण्हायचं आणि वाकल्या वाकल्या तळहात चाटून गार, ओलसर करून ठेवायचे. आमची पिढी काखेत कांदा धरून ताप चढायची वाट बघत बसली, त्यापेक्षा हे किती प्रगत! पुढे तो घरच्या संगणकावरून शाळेच्या दफ्तरात शिरतो आणि विद्यार्थ्यांचे डीन असलेल्या रूनींच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच पडद्यावर, आपले नऊ खाडे दोनवर आणतो. पूर्वी या जागी मी टाळी दिली होती. या खेपेला मी रूनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बिचारे आकड्यांवर विश्वास ठेवून बसलेले. त्यांचा बूट चिखलात रुतून गेला, तेव्हा तर मला हसूही धड आलं नाही. मी त्या बुटाची किंमत करत होतो.

गंमत म्हणजे आक्षेप घेणाऱ्या माझ्या बहिणीला ‘अशी ही बनवाबनवी’ तोंडपाठ आहे. १९८८पासून हा सिनेमा महाराष्ट्रात मुलांना वरणभातासोबत भरवला जातो. त्यात चौघं मिळून घरमालकिणीला गंडवतात, दोघं तर लुगड्यात वावरतात, आणि लक्ष्मीकांत बेर्डेंचं साग्रसंगीत डोहाळजेवण होतं. खोटेपणाचं इतकं सर्वांगीण शिक्षण दुसरीकडे मिळायचं नाही. त्यासाठी आधी बघून घे, असं कुणी कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही. भाच्यानं पाचव्या वर्षी अशोक सराफांची लकब उचलली तेव्हा आख्ख्या घराला कौतुक वाटलं.

मग हिला शाळाबुडव्याचीच धास्ती का? उत्तर सिनेमातच सापडलं. फेरिसला जीनी नावाची बहीण आहे. त्याचं सोंग पहिल्या मिनिटाला ओळखणारी घरातली ती एकटी, आणि तिचंच कुणी ऐकत नाही. ती वेळेवर शाळेत जाते, नियम पाळते, आणि दिवसभर जळते. शिवाय दर दोन माणसांमागे एक तिला विचारतो, तुझ्या भावाची तब्येत कशी आहे गं? आमच्या घरी माझा ताप आईच्या तळहाताला कळायचा. बहिणीचा थर्मामीटरवर दिसावा लागे, आणि पारा नव्याण्णवच्या खाली घुटमळला तर दप्तर उचलावं लागे. हे तिनं कधी बोलून दाखवलेलं नाही. पण ‘नको ते काही नाही ना’ असं विचारताना तिला नको होतं ते चुंबन नव्हतं. पुन्हा एकदा दादाचं कौतुक होणार हे तिला नको होतं, असं मला वहीतल्या नोंदींवरून वाटलं. आणि त्या दृष्टीनं पाहिलं तर तिचा आक्षेप कुठल्याही मंडळानं ग्राह्य धरावा असा आहे.

राहता राहिला कॅमेरन, म्हणजे या सिनेमाचं खरं दुखणं. फेरिस धडधाकट असून अंथरुणात, तर कॅमेरन आजारी नसतानाही खरंच आजारी. त्याच्या वडिलांकडे १९६१ची लाल फेरारी आहे. काचेच्या भिंतींच्या दालनात ती एखाद्या राजकन्येसारखी ठेवलेली. पोराला तिथे बोट लावायची मुभा नाही. त्याच दिवशी ही मुलं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जातात. कॅमेरन चित्रकार सूराच्या ‘ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारच्या चित्रासमोर उभा राहतो. चित्राच्या मधोमध आईसोबतची एक पांढऱ्या झग्यातली मुलगी आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो, मग त्याच्या चेहऱ्याजवळ, पुन्हा तिच्या, आणखी जवळ, इतका की शेवटी चेहरा उरतच नाही, नुसते रंगांचे ठिपके आणि विणीसारखा कॅनव्हास. विनोदी सिनेमात एवढा वेळ कुणी हसत नाही. वहीत इथे काय लिहायचं? शिवी नाही, मारामारी नाही, अंगप्रदर्शन नाही. आपण घरात आहोत की नाही याची ज्याला खात्री नाही असा एक मुलगा फक्त दिसतो, आणि त्यासाठी कुठल्याच देशात प्रमाणपत्र नाही. मी पान कोरं ठेवलं आणि बहिणीला कळवलं, हरकत नाही.

भाऊबीजेला संध्याकाळी सगळे बसले. तळहातांचं शास्त्र मुलांनी थंडपणे ऐकून घेतलं. भाचीच्या शाळेत गैरहजेरीचा निरोप प्रार्थना संपायच्या आत आईच्या मोबाइलवर येतो, त्यामुळे तिला तो भाग पौराणिक वाटला. चुंबनाला भाच्यानं स्वतःहून उशी तोंडावर घेतली. मार्गदर्शन करायची गरजच पडली नाही. जीनी रागानं पाय आपटत निघाली तेव्हा बहीण एकटीच मोठ्यानं हसली. शेवटाकडे कॅमेरन फेरारीला लाथा घालतो, ती काच फोडून मागच्या दरीत कोसळते, आणि तो म्हणतो की आता वडिलांना मी स्वतः सांगेन. ती भेट सिनेमात दाखवलेलीच नाही. वडील सबंध सिनेमात एकदाही दिसत नाहीत.

सिनेमा संपल्यावर भाच्याला तेवढंच हवं होतं. “मामा, मग त्याचे बाबा काय म्हणाले?”

“ओरडले असतील,” भाची म्हणाली. “पण मग बोलले पण असतील.”

“आधी लागलं का विचारलं असेल,” भाचा म्हणाला.

“काच फुटली, त्यात लागायचं काय? गाडीत कोणी नव्हतंच,” बहीण म्हणाली.

“तरी विचारतात ना!”

दाजी इतका वेळ पेपरात डोकं घालून होते. ते म्हणाले, “इन्शुरन्स असणार गाडीचा.” त्यावर दोन्ही मुलांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी घाईघाईनं पेपर बाजूला ठेवला आणि भाच्याला, काहीही कारण नसताना, लागलंबिगलं नाही ना रे, असं विचारलं. वाढायला घेतलं होतं. त्यांची नवी गाडी खालीच उभी होती, आणि जेवण होईपर्यंत किल्ली काही त्यांनी खिशातून बाहेर काढली नाही.