मास्तर जमत नसेल तर कलेक्टर व्हावे

बी.ए.ला ४८ टक्के पडलेल्या हसनाबादच्या मुलाने निकालाच्या दिवशी मोबाइल बंद ठेवू नये. बंद मोबाइल म्हणजे पोरगं नापास, असा अर्थ भोकरदन तालुक्यात तासाभरात निघतो. फोन उचलावा, ‘झालो पास’ म्हणावे आणि लगेच तिकडे पाऊस कसा आहे ते विचारावे.

मग करिअर निवडावे. मास्तरकी मनातून काढून टाकावी. खुल्या प्रवर्गाला बी.एड.साठी पदवीत किंवा एम.ए.त किमान ५० टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५. म्हणजे खुल्यातल्या ४८वाल्याच्या हाती आठवीचा वर्ग देणे धोक्याचे, असे सरकारचे मत आहे. जिल्हा द्यायला मात्र हरकत नाही. यूपीएससीला पदवी पुरते, टक्के कुणी विचारत नाही. राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी व्हायलाही तेच. तेव्हा नाइलाज म्हणून कलेक्टर व्हावे. घरीही तसेच सांगावे : ‘आई, बी.एड.ला नंबर लागत नाही, आयएएस करतो.’ आई रडेल. रडू द्यावे. वयाच्या बत्तिशीपर्यंत सहा प्रयत्न हाताशी आहेत.

तलाठ्याचाही फॉर्म भरून ठेवावा. २०२३ च्या भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. आपले ४८ आणि इंजिनिअरचे ८० केंद्राबाहेर एकाच रांगेत उभे राहतात. इतकी समता कॉलेजात तीन वर्षांत दिसली नसेल.

सोयरिकीच्या बायोडाटात ‘शिक्षण : बी.ए.’ लिहून थांबावे. पाहुणे टक्के विचारत नाहीत. शेती किती, विहिरीला पाणी किती, नोकरी परमनंट का, एवढेच विचारतात. तिसऱ्या प्रश्नाला ‘एमपीएससी चालू आहे’ हे उत्तर दोनेक वर्षे चालते. पुढे मोसंबीची बाग दाखवावी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. मुलाला नसले तरी चालून जाते.

‘कितवा अटेम्प्ट?’ असे चुलते चारचौघांत विचारू लागले, की एम.ए.ला नाव घालावे. ५० पडले तर बी.एड.चे दार उघडते. ५५ पडले तर नेट देऊन प्राध्यापकीकडे बघता येते. ५४.९ पडले तर यूजीसी ते ५५ धरत नाही. मग विषय बदलून पुन्हा एम.ए. करावे, चुलत्यांना ‘डबल एम.ए.’ सांगावे.